कोटणीसांचा हात कुठे बसला

सोलापूर डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीसांची गोष्ट सांगते ती बहुतेक वेळा शेवटाकडून. ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमधल्या एका खेड्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. मागे पत्नी गुओ छिंगलान आणि साडेतीन महिन्यांचा मुलगा. पुढे ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आणि १९४६ साली आलेला व्ही. शांताराम यांचा चित्रपट. शेवट एवढा ठसठशीत असला की सुरुवातही त्याच्याच उजेडात दिसू लागते आणि हा माणूस जन्मतःच धाडसी असणार, असे आपण धरून चालतो. पण १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून जे पाच डॉक्टर चीनकडे निघाले, त्यांतल्या कोटणीसांना तेव्हा अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. जन्म १० ऑक्टोबर १९१०चा, मुंबईत घेतलेली वैद्यकाची पदवी अजून ताजी, आणि पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चाललेली. आजच्या हिशेबात हा शिकाऊ डॉक्टरच. दोन वर्षांनी हाच माणूस रणभूमीच्या अगदी जवळ शस्त्रक्रियांच्या पथकाचा प्रमुख होता आणि जानेवारी १९४१मध्ये एका रुग्णालयाचा संचालक झाला. मधल्या काळात त्याच्या हातात हे बळ आले कुठून? स्वभावात त्याचे उत्तर शोधणे सोपे आहे. पण पुरावा नीट मांडून पाहिला तर उत्तर स्वभावापेक्षा व्यवस्थेत सापडते, असे माझे म्हणणे आहे; आणि सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात पहिल्यांदा रात्रपाळीला उभ्या राहणाऱ्या मुलामुलींच्या कामाचे आहे ते हेच उत्तर.

सुरुवात मुंबईच्या परळपासून करावी लागते. कोटणीस शिकले ते सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे के. ई. एम. रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात. हे रुग्णालय १९२६ साली उघडले आणि त्यामागे देणगीदाराच्या विश्वस्तांनी घातलेली एक अट होती: कॉलेजात शिकवणारे सगळे भारतीय असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. आज ही अट वाचताना देशाभिमानाची एक बाब एवढेच वाटते. तेव्हाच्या तरुण डॉक्टरच्या दृष्टीने तिचा अर्थ फार ठोस होता. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने ‘नेटिव्ह डॉक्टर’ नावाचा वर्ग तयार केला. त्याचेच पुढे ‘हॉस्पिटल असिस्टंट’ आणि मग ‘सब-असिस्टंट सर्जन’ झाले. तालुक्याच्या दवाखान्याचा सगळा भार या मंडळींवर असे. प्लेगमध्ये, पटकीत, दुष्काळाच्या छावण्यांत तेच पुढे असत. पण पदाच्या नावातच ‘असिस्टंट’ होते, आणि मोठ्या रुग्णालयांतल्या, कॉलेजांतल्या वरच्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. वर्षानुवर्षे काम करूनही अखेरचा निर्णय आपला नाही, हे ज्याला पदोपदी जाणवते त्याच्या अंगी कौशल्य येते. निर्णयाची सवय मात्र लागत नाही. परळच्या कॉलेजात विद्यार्थ्याला समोर दिसत ते भारतीय प्राध्यापक, भारतीय सर्जन आणि डॉ. जीवराज मेहतांसारखा डीन. टेबलाच्या मुख्य बाजूला उभा राहणारा माणूस आपल्यासारखाच असू शकतो, हे पाहणे हा प्रशिक्षणाचाच भाग होता. आत्मविश्वासाला राजकीय इतिहासही असतो हे आपण सहसा विसरतो.

मग चीन. जपानशी लढणाऱ्या चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जनरल चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी डॉक्टरांसाठी व निधीसाठी आवाहन केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पथकाच्या रचनेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल, आणि ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी हे तरुण, आणि सोलापूरचे कोटणीस त्यांच्याच बरोबरीचे. म्हणजे युद्धातल्या जखमा आधी पाहिलेला एक, अनुभवी एक आणि तीन नवखे. नवख्यांना थेट आघाडीवरही कोणी लोटले नाही. कँटनहून वूहान, तिथून माघार घेत चुंगकिंग, आणि फेब्रुवारी १९३९मध्ये येनान, असा प्रवास झाला. वाटेत शहरांतल्या रुग्णालयांत काम, येनानला आठव्या मार्ग सेनेच्या रुग्णालयात काम, आणि त्याच सुमारास चिनी भाषेचा अभ्यास. आघाडीकडे कोटणीस निघाले ते १९३९च्या अखेरीस. मुंबई सोडल्यावर वर्ष उलटून गेले होते. त्या वर्षात त्यांनी जे केले ते नाट्यमय नसल्यामुळे चित्रपटाला त्याचा फारसा उपयोग नाही. माझ्या मते मात्र सगळी गोष्ट त्या वर्षातच आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. पाचही जणांना तीच वाट मिळाली, मग कोटणीसच का? चोळकर आणि मुखर्जी १९३९मध्येच परतले, अटलही पुढे प्रकृतीमुळे परतले. राहिले बसू आणि कोटणीस. तेव्हा फरक माणसाचाच, असे कोणी म्हणेल. टिकून राहण्यापुरते ते खरेही आहे. कोण राहिला आणि कोण परतला हे प्रकृतीवर, घरच्या परिस्थितीवर, निष्ठेवर ठरले, आणि कोटणीसांच्या निष्ठेबद्दल वाद नाही. पण राहणे वेगळे आणि काम येणे वेगळे. निष्ठेने माणूस आघाडीवर उभा राहील. फुटलेल्या मांडीतला रक्तस्राव थांबवणे त्याला निष्ठा शिकवत नाही. ते कुठे शिकायला मिळाले हे पाहायचे तर कोटणीस जिथे पोहोचले तिथे आधी कोण होते, हे पाहावे लागते.

तिथे आधी डॉ. नॉर्मन बेथ्यून होते. हे कॅनडाचे सर्जन, स्पेनमध्ये रणभूमीजवळ रक्त पुरवण्याची सोय उभारून आलेले, १९३८च्या उन्हाळ्यात शान्सी-चाहार-होपेई सरहद्दीवरच्या तळावर दाखल झाले. त्यांना जे ‘डॉक्टर’ आणि ‘परिचारक’ मिळाले ती बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची कोवळी पोरे होती. कॉलेज सोडाच, धड शाळाही न पाहिलेली. बेथ्यून तापट होते, गलथानपणा दिसला की भडकत. पण त्यांनी जे उभे केले त्यात तापटपणाला जागा नव्हती. त्यांनी आधी एक नमुन्याचे रुग्णालय उभारले. जपानी सैन्याने ते थोड्याच काळात उद्ध्वस्त केले. मग त्यांनी रुग्णालयच खेचरांवर चढवले. शस्त्रक्रियेचे सामान ठरावीक पेट्यांत, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. शंभर शस्त्रक्रिया आणि पाचशे मलमपट्ट्या होतील एवढे साहित्य एका सरंजामात. लढाया थांबल्या की ते शिबिर घेत. त्या शिबिरांत डॉक्टरांनीही आळीपाळीने परिचारकाचे आणि सफाईचे काम करायचे, म्हणजे पट्टी कोण उकळतो आणि ती न उकळल्यास काय होते हे प्रत्येकाच्या हाताला कळे. चित्रे काढून त्यांनी शिकवण्याच्या पुस्तिका लिहिल्या. सप्टेंबर १९३९मध्ये एक वैद्यकीय शाळाही सुरू झाली. बेथ्यूनच्या मृत्यूनंतर तिला आणि तळावरच्या रुग्णालयाला त्यांचे नाव मिळाले. कोटणीस पुढे ज्या ‘बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालया’चे पहिले संचालक झाले, ते हेच.

या खेचरावरच्या पेटीत माझ्या मते सगळे शास्त्र आहे. घाबरलेल्या नवशिक्याचे मन ज्या गोष्टींत अडकते त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टी वैद्यकाच्या नसतातच: चिमटा कुठे आहे, सलाइन संपले तर कोणाला सांगायचे, आधी कोणाकडे पाहायचे. ही उत्तरे आधीच ठरलेली असली की उरलेले मन रोग्याकडे लागते. आज कोणत्याही अतिदक्षता विभागात असते ती इमर्जन्सी ट्रॉली, तिच्यावरची औषधांची ठरलेली मांडणी आणि दर पाळीला तिची होणारी तपासणी, यामागे तेच तत्त्व आहे. धीर आधी येतो आणि काम मागून जमते, अशी आपली समजूत. या खेडवळ पोरांच्या बाबतीत क्रम उलटा होता. काम जमत गेले, तसतसा धीर आला. जन्मजात असामान्य म्हणून कोटणीसांना बाजूला ठेवता येईल. या पोरांना कसे ठेवणार? त्यांच्या हातूनच एक अख्खी सेना उपचार घेत होती.

कोटणीसांनी बेथ्यूनच्या याच शाळेत शिकवले, आणि ते चिनी भाषेत शिकवले. मृत्यूच्या वेळी शस्त्रक्रियेवरच्या पाठ्यपुस्तकाचे त्यांचे काम अर्धवट राहिले होते. शिकवणे ही मोठ्या डॉक्टरने उतारवयात करायची गोष्ट, असे आपल्याकडे मानतात. तिशीतल्या या माणसासाठी ती स्वतःच्या शिकण्याचीच पुढची पायरी होती. दुसऱ्याला सांगताना आपले कुठे कच्चे आहे ते उघडे पडते, आणि आपल्या हाताखालच्या पोराने चूक करण्याआधी त्याला थांबवायचे असेल तर आपली नजर त्याच्या दोन पावले पुढे असावी लागते. रुग्णालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत, आधी पाहा, मग करा, मग शिकवा, यातली तिसरी पायरी शोभेची नाही. भाषेचेही तसेच. जखमी काय सांगतो ते दुभाष्याशिवाय समजणे हे त्या डॉक्टरच्या हाती आलेले पहिले खरे हत्यार असणार. सोलापूरला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या शहराच्या अपघात विभागात एकाच रात्री मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावर पडते, तिथे बाहेरून आलेला इंटर्न पहिल्या आठवड्यात सिस्टरच्या आणि वॉर्डबॉयच्या तोंडूनच रोग्याचे गाऱ्हाणे समजून घेतो.

१९४०च्या, जपानी सैन्याविरुद्धच्या ‘शंभर रेजिमेंट’ मोहिमेतला प्रसंग कोटणीसांच्या चरित्रांत हमखास येतो: तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले, ५५८ शस्त्रक्रिया झाल्या आणि एका टप्प्यावर ७२ तास झोप नाही. बेथ्यूनबद्दलही तसेच सांगतात, ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया. हे आकडे पाहून छाती दडपते खरी, पण ते प्रशिक्षणाचा आदर्श म्हणून सांगितले जातात तेव्हा मला अस्वस्थ वाटते. बेथ्यून गेले ते शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात पसरलेल्या जंतुदोषाने, १२ नोव्हेंबर १९३९ रोजी. हातमोजे नव्हते आणि घाई होती. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते, उपचारासाठी मागे जा असे त्यांना सांगण्यात आले, ते गेले नाहीत. युद्धात दुसरा मार्ग नसेलही. पण शांततेच्या काळात, चार मजली इमारतीत, निवासी डॉक्टरला दीड-दोन दिवस सलग जागे ठेवून ‘असेच तयार होतात डॉक्टर’ म्हणणे ही त्या दोघांच्या मृत्यूतून उलटा धडा घेण्याची रीत झाली. १९९२च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग कामाला बारा तासांची मर्यादा सुचवली गेली. ती किती पाळली जाते हे महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संपांच्या मागण्या वाचल्या तरी समजते. थकवा आत्मविश्वास वाढवत नाही. तो आपल्या चुकीची जाणीव बोथट करतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती बोथट जाणीव धीटपणासारखी दिसते.

सोलापुरात स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९६३ साली, डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ, आणि सिव्हिल हॉस्पिटल त्याचे शिकवण्याचे रुग्णालय झाले. जिल्ह्याबरोबरच धाराशिव, शेजारचे विजयपूर आणि कलबुर्गी इथूनही रोगी येणार, पुणे-हैदराबाद रस्त्यावरचे अपघात येणार, साप चावलेले, विष प्यायलेले, भाजलेले येणार. या सगळ्यांचे पहिले दार म्हणजे कॅज्युअल्टी. इथे आपल्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासातली एक विचित्र गोष्ट नोंदवायला हवी. भारतात आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता मिळाली ती २००९ साली. तोवरच्या काळात कॅज्युअल्टी हे दार होते, विभाग नव्हता. त्याला ना स्वतःचा प्राध्यापक, ना स्वतःचा अभ्यासक्रम. १९९७च्या नियमांत वर्षभराच्या इंटर्नशिपपैकी कॅज्युअल्टीच्या वाट्याला पंधरा दिवस होते. परिणाम असा की रुग्णालयातले पहिल्या दहा मिनिटांचे सर्वांत अवघड काम, सर्वांत कमी शिकवलेल्या ठिकाणी, सर्वांत नव्या माणसाकडे आले. हे कोणी मुद्दाम ठरवले नव्हते. विषयांची वाटणी अवयवांप्रमाणे झाली आणि दारात आलेला माणूस कोणत्या अवयवाचा हे आधी ठरत नसल्याने तो कोणाचाच राहिला नाही.

जुने डॉक्टर यावर म्हणतात, आम्ही त्याच कॅज्युअल्टीत तयार झालो, कोणी हात धरला नाही, म्हणूनच आज कशाला डगमगत नाही. हा आक्षेप हलका नाही, कारण बोलणाऱ्यांचे काम आपण पाहतो आणि ते खरोखर चांगले असते. पण हे जे तरले त्यांचेच मत आहे. पहिल्या महिन्यात धसका घेऊन जे दुसरीकडे वळले, किंवा आयुष्यभर तातडीच्या रोग्याला ‘वर पाठवा’ म्हणत राहिले, ते आपली कहाणी सांगायला येत नाहीत. आणि त्या एकटेपणाची किंमत ज्या रोग्यांनी मोजली ते तर मुळीच येत नाहीत. शिवाय ‘कोणी हात धरला नाही’ हेही पुरते खरे नसते. हात धरलेला असतो तो वीस वर्षे त्याच टेबलाजवळ काढलेल्या सिस्टरने, ड्रेसरने. ‘डॉक्टर, सरांना फोन लावू का?’ असे योग्य वेळी विचारणारी सिस्टर ही आपल्याकडच्या आपत्कालीन शिक्षणाची सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी नोंदलेली शाखा आहे. तिने विचारले नसते तर त्या नवख्याने फोन लावला असता का, हा प्रश्न जुन्या डॉक्टरांनी स्वतःला विचारून पाहावा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. तातडीत शिकवायला वेळ कुठे असतो? याची कसोटी पाहायची तर ३० सप्टेंबर १९९३ची पहाट पाहावी. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, गणपती बोळवून गावे नुकतीच झोपली होती, आणि चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे धाबे, आणि खाली झोपलेली माणसे; हजारोंनी गेली. जखमींना लातूर, धाराशिव, उमरगा आणि सोलापूर इथल्या रुग्णालयांत हलवण्यात आले. लातूरला तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, ते २००२ साली झाले. म्हणून उमरग्याच्या बाजूने निघालेल्या वाहनांना सोलापूर हे शिकवण्याचे मोठे रुग्णालय जवळचे होते. पहाटे अशा रुग्णालयात हजर असतात ते निवासी डॉक्टर, इंटर्न आणि परिचारिका. वरिष्ठ येईपर्यंत दार तेच सांभाळतात. एवढ्या माणसांपुढे शिकवायला वेळ नसतो हे मान्यच. पण वेळ नसतो म्हणूनच शिकवणे आधी झालेले असावे लागते. ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसाची फुटलेली हाडे दिसतात, पण चिरडलेल्या स्नायूंमुळे काही तासांनी मूत्रपिंड बंद पडू शकते हे दिसत नाही. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याकडे आधी वळायचे असते, हेही दिसत नाही. ज्याला ते आधी सांगितले, दाखवले, करून घेतले, त्याचाच हात त्या पहाटे थरथरणार नाही. बेथ्यूनची शिबिरे लढायांच्या मधल्या शांततेत होत, याचा अर्थ एवढाच.

गेल्या काही वर्षांत हे अधिकृतपणे मान्य झाले आहे. २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा आली, पुतळ्यावर छातीदाब आणि श्वासनलिकेची सराव-शिकवणी आली, कोणती गोष्ट पाहिली आणि कोणती स्वतः केली याची नोंदवही आली. त्यावरची टीकाही ऐकू येते: पुतळ्याला भीती वाटत नाही, त्याचे नातेवाईक बाहेर आरडाओरडा करत नाहीत, मग हा सराव कसला? टीका अर्धी बरोबर आहे. नातेवाइकांशी बोलणे पुतळ्यावर शिकता येत नाही, आणि ते शिकवण्याकडे आपण लक्ष दिलेले नाही. पण ज्याच्या हाताला क्रम पाठ असतो त्याचे तोंड मोकळे राहते. बाहेर जाऊन दोन वाक्ये नीट सांगण्याइतकी उसंत त्यालाच मिळते. पंढरपूरच्या वारीत लाखोंच्या गर्दीत कोसळलेल्या वारकऱ्याभोवती जमलेल्या दिंडीला बाजूला सारण्यासाठी आवाजाला जी धार लागते ती अशा मोकळ्या मनातूनच येते.

वारीच्या वाटेवर आज उभी असते ती १०८ची रुग्णवाहिका. २०१४ साली महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली, ९३७ वाहनांसह, आणि प्रत्येक वाहनात डॉक्टर ठेवण्याचे ठरले. त्यांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे तरुण पदवीधर बरेच आहेत. जुन्या कॅज्युअल्टीतला नवखा निदान चार भिंतींच्या आत होता, सिस्टर शेजारी होती. इथे मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर रात्री वाहनात असतो तो एकटा डॉक्टर आणि चालक. त्याच्या हाताशी खेचरावरची पेटी आहे, बरीच चांगली आहे, आणि फोनवर नियंत्रण कक्षही आहे. नाही ते एकच. तो रोग्याला सिव्हिलच्या दारात सोपवतो, कागदावर सही घेतो आणि पुढच्या फोनकडे निघतो. आपण बांधलेली पट्टी टिकली का, छातीत दुखणाऱ्या त्या बाईंना खरेच झटका होता का, आपला अंदाज कुठे चुकला, हे त्याला सहसा कोणी कळवत नाही. बेथ्यूनच्या पोरांना ते कळे, कारण आज ज्याचा पाय कापला तो उद्याही त्याच झोपडीत असे. सोलापुरात हे करायला नवा निधी लागणार नाही: सिव्हिलच्या अपघात विभागाने आठवड्यातून एकदा, १०८ने आणलेल्या रोग्यांचे पुढे काय झाले त्याची यादी त्या डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि त्या बैठकीत इंटर्नबरोबर सिस्टरलाही बोलायला बसवावे.